झेन ग्रे: खोल समुद्रातल्या रिळाचा ध्यास घेतलेला कादंबरीकार

१६ मे १९३० रोजी दक्षिण पॅसिफिकमधील ताहिती बेटाजवळ रॉड आणि रिळाच्या साह्याने एक महाकाय मार्लिन मासा पकडण्यात आला. वर ओढला जात असतानाच शार्कनी त्याच्या शेपटीकडचा भाग फाडून नेला होता. तरीही काट्यावर त्याचे वजन १०४० पौंड, म्हणजे सुमारे ४७२ किलो भरले. हाताने फिरवायच्या रिळावर हजार पौंडांहून अधिक वजनाचा मासा मिळाल्याची ही पहिलीच नोंद मानली जाते. तो पकडणारे गृहस्थ त्या वेळी ५८ वर्षांचे होते. शिक्षणाने ते दंतवैद्य होते, व्यवसायाने कादंबरीकार होते आणि त्यांचे नाव होते झेन ग्रे.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील वाळवंटे, घोडेस्वार आणि बंदुका यांच्या कथा जगभर पोहोचविणारे लेखक म्हणून ग्रे यांची ओळख आहे. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांवर शंभराहून अधिक चित्रपट निघाले. मात्र या लेखणीतून मिळालेला पैसा कोठे गेला, याचे उत्तर समुद्रात शोधावे लागते. मोठा मासा पकडायचा तर रीळ कसे असावे, या प्रश्नामागे त्यांनी आयुष्याची जवळजवळ पंचवीस वर्षे आणि अफाट संपत्ती खर्च केली. आज विजेवर चालणारी रिळे सहज मिळतात आणि त्यांतून निवड कशी करावी, हा हौशी मासेमारांच्या चर्चेचा विषय झाला आहे. अशा वेळी ग्रे यांचे चरित्र पुन्हा एकदा पाहण्यासारखे आहे.

दंतवैद्याचा मुलगा

ग्रे यांचा जन्म ३१ जानेवारी १८७२ रोजी ओहायो राज्यातील झेन्सव्हिल येथे झाला. हे गाव त्यांच्या आईच्या घराण्यातील एबेनेझर झेन यांनी वसविलेले होते. वडील दंतवैद्य होते आणि स्वभावाने अत्यंत कडक होते. मुलाने पंधराव्या वर्षी लिहिलेली पहिली कथा वडिलांच्या हाती लागली, तेव्हा त्यांनी ती फाडून टाकली आणि मुलाला मारही दिला. नदीकाठी मासे पकडत बसणाऱ्या आणि गावाने निरुद्योगी ठरविलेल्या एका वृद्धाकडून मात्र या मुलाला गळ टाकण्याचे धडे मिळाले आणि स्वतःच्या मनाप्रमाणे जगण्याचे प्रोत्साहनही.

पुढे कुटुंबाची आर्थिक स्थिती बिघडली आणि ग्रे परिवार कोलंबस शहरात गेला. तरुण झेन बेसबॉल उत्तम खेळत. या खेळाच्या बळावर त्यांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळाली आणि १८९६ मध्ये ते दंतवैद्यकाचे पदवीधर झाले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी दवाखाना थाटला खरा, पण त्यात त्यांचे मन रमले नाही. सुट्टी मिळाली की ते डेलावेअर नदीकाठच्या लॅकावॅक्सन या गावी मासे पकडायला जात. १९०२ मध्ये एका मासिकात त्यांचा पहिला लेख प्रसिद्ध झाला, तोही या नदीवरील मासेमारीचाच. लेखक म्हणून ग्रे यांचा जन्म गळाच्या टोकाशी झाला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

लॅकावॅक्सन येथेच त्यांची लीना रॉथ या तरुणीशी ओळख झाली. ग्रे त्यांना डॉली म्हणत. १९०५ मध्ये दोघांचा विवाह झाला. डॉलींनी आपल्या वारशाचे पैसे पतीच्या लेखनासाठी आणि प्रवासासाठी पुढे केले, हस्तलिखिते तपासली आणि पुढे प्रकाशकांशी होणारे व्यवहारही सांभाळले. १९१२ मध्ये ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि ग्रे घराघरात पोहोचले. घरात पैसा येऊ लागला. आता नदी अपुरी वाटू लागली होती.

बोटे मोडणारे रीळ

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरील कॅटालिना बेट हे त्या काळी मोठ्या माशांच्या शौकिनांचे तीर्थक्षेत्र होते. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी १८९८ मध्ये तेथे १८३ पौंडांचा ट्यूना, म्हणजे आपल्याकडील कुप्याचा मोठा भाऊबंद, रॉडवर पकडला आणि त्याच वर्षी ‘ट्यूना क्लब’ स्थापन केला. मासा एकट्या माणसाने, ठरावीक जाडीच्या दोरीवर आणि इतर कोणाचा हात न लागता पकडला पाहिजे, असा या मंडळींचा दंडक होता. ग्रे १९१४ पासून या बेटावर मासेमारीसाठी येऊ लागले.

त्या काळच्या रिळांची कल्पना असल्याशिवाय पुढील कथा कळणार नाही. सुरुवातीच्या रिळांना आजच्यासारखा ब्रेक नव्हता. मासा पळाला की रिळाची फिरकी उलटी फिरे आणि तिच्याबरोबर हँडलही गरगरा फिरे. हात मध्ये आला तर बोटांची हाडे मोडत. वेग आवरण्यासाठी चामड्याची एक पट्टी अंगठ्याने फिरकीवर दाबून धरावी लागे. दोनशे किलोंच्या माशाला केवळ अंगठ्याच्या जोरावर थोपवायचे, असा हा प्रकार होता.

यावर तोडगा सुचला विल्यम बॉशेन या कॅटालिनातील मासेमाराला. रिळाच्या आतच एकावर एक चकत्या बसवायच्या, बाहेरच्या चांदणीच्या आकाराच्या चाकाने त्या आवळायच्या आणि फिरकी उलटी फिरली तरी हँडल जागेवर स्थिर राहील अशी रचना करायची, ही ती कल्पना. ब्रुकलिनचे कारागीर ज्युलियस व्हॉम होफ यांनी ती प्रत्यक्षात आणली. १९१३ मध्ये बॉशेन यांनी याच रिळावर ३५५ पौंडांचा स्वोर्डफिश पकडला. रॉड आणि रिळावर मिळालेला तो पहिला स्वोर्डफिश ठरला. आजच्या रिळांमधील ‘स्टार ड्रॅग’ हा ब्रेक याच कल्पनेचा वंशज आहे.

या स्वोर्डफिशने ग्रे यांना झपाटले. पृष्ठभागावर सुस्त पहुडलेला हा मासा गळ लागताच सरळ खोल पाण्यात उतरतो आणि तासन्‌तास वर येत नाही. त्याच्या मागे ग्रे यांनी अनेक मोसम घालविले. अखेर १९२० मध्ये त्यांना ४१८ पौंडांचा स्वोर्डफिश मिळाला. त्यानंतर थोड्याच काळात एका महिलेने त्याहून मोठा मासा पकडला, तेव्हा मात्र ग्रे यांचा तोल गेला. एवढा मासा तिने एकटीने पकडलाच नसणार, अशी शंका त्यांनी उघडपणे बोलून दाखविली. क्लबने माफी मागायला लावली. ग्रे यांनी माफी मागितली आणि क्लबचा राजीनामाही दिला. इतरांच्या पराक्रमाबद्दल मनाचा मोठेपणा दाखविणे त्यांना जमत नसे, हा दोष त्यांच्या चाहत्यांनीही लपविलेला नाही.

लिननच्या दोरीचा हिशेब

क्लबचे बंधन सुटल्यावर ग्रे यांनी अधिक जाड दोरी वापरायला सुरुवात केली. तेव्हा नायलॉन नव्हते. दोरी लिनन म्हणजे जवसाच्या धाग्याची असे आणि तिची ताकद धाग्यांच्या संख्येवर मोजली जाई. एक धागा साधारण तीन पौंड ताण सहन करी. क्लबची २४ धाग्यांची दोरी म्हणजे सुमारे ७२ पौंडांची, तर ग्रे यांनी मोठ्या ट्यूनासाठी निवडलेली ३९ धाग्यांची दोरी सुमारे ११७ पौंडांची. ही दोरी खाऱ्या पाण्यात कुजत असल्यामुळे दररोज संध्याकाळी ती रिळावरून उतरवून लाकडी चाकावर वाळत घालावी लागे.

जाड दोरी घेतली की रीळ मोठे हवे, हे ओघानेच आले. पण प्रश्न केवळ आकाराचा नव्हता. मासा दोरी ओढून नेतो तसतसा फिरकीवरील दोरीचा व्यास कमी होत जातो. ब्रेक तितकाच आवळलेला असला तरी दोरीवरचा ताण वाढतो. व्यास निम्मा झाला की ताण दुप्पट होतो. शिवाय शेकडो मीटर दोरी पाण्यातून ओढली जात असताना पाण्याचा रोधही त्यात भर घालतो. म्हणजे मासा सर्वांत दूर असतो तेव्हाच दोरी तुटण्याचा धोका सर्वाधिक असतो. म्हणून मोठ्या रिळाची फिरकी रुंद आणि मोठ्या व्यासाची हवी आणि ब्रेक हळूहळू कमी-जास्त करता येईल असा हवा. घर्षणाने चकत्या तापतात, त्या तापूनही अडकता कामा नयेत. ओली दोरी ताणाखाली गुंडाळली गेली की फिरकीच्या दोन्ही बाजूंवर प्रचंड दाब येतो आणि कच्ची फिरकी वाकते. भरीस भर म्हणून खारे पाणी प्रत्येक स्क्रू खात असते. या सगळ्यांतून तरणारे रीळ त्या काळी दुकानात तयार मिळत नव्हते.

ऑगस्ट १९२४ मध्ये कॅनडातील नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्यावर ग्रे यांनी ७५८ पौंडांचा ट्यूना पकडला आणि जागतिक विक्रम केला. आधीचा ७१० पौंडांचा विक्रम ज्यांच्या नावे होता, ते कॅप्टन लॉरी मिचेल पुढे ग्रे यांचे सहप्रवासी झाले. याच सफरीत ग्रे यांनी एक मोठे शिडाचे जहाज विकत घेतले, त्याचे नाव ‘फिशरमन’ ठेवले आणि गॅलापागोस बेटांपासून मेक्सिकोपर्यंतचा समुद्र पालथा घातला.

न्यूझीलंडमधील वाद

१९२६ च्या आरंभी ग्रे आणि मिचेल न्यूझीलंडच्या ‘बे ऑफ आयलंड्स’ या भागात पोहोचले. तेथील मासेमार रॉडच्या खालच्या बाजूला बसविलेले, इंग्लंडच्या नॉटिंगहॅम धर्तीचे साधे रीळ आणि तीन टोकांचा गळ वापरीत असत. ग्रे यांनी या पद्धतीवर जाहीर टीका केली. रीळ रॉडच्या वर असावे, त्याला आतील ब्रेक असावा, गळ एकटोकी असावा आणि आमिष चालत्या बोटीमागून ओढावे, असे त्यांचे म्हणणे होते. पाहुण्याने घरी येऊन यजमानांच्या स्वयंपाकाला नावे ठेवावीत, तसा हा प्रकार स्थानिकांना वाटला आणि वृत्तपत्रांतून चांगलीच खडाजंगी झाली.

मात्र निकाल समुद्राने दिला. त्या मोसमात ग्रे यांनी ४५० पौंडांचा पट्टेरी मार्लिन आणि १११ पौंडांचा यलोटेल पकडला. मिचेल यांनी तर ९७६ पौंडांचा काळा मार्लिन पकडून सर्वांना मागे टाकले. पुढच्या वर्षी ग्रे पुन्हा आले. उरुपुकापुका बेटावर त्यांचा तळ असे. त्यांच्या पुस्तकामुळे न्यूझीलंड जगभरच्या मासेमारांच्या नकाशावर आले आणि त्यांची पद्धतही हळूहळू तेथे रुजली.

याच सुमारास इंग्लंडमधील ॲल्निक येथील हार्डी ब्रदर्स या नामांकित कंपनीने ग्रे यांच्या नावाचे मोठे रीळ तयार केले. १९२८ च्या सुमारास बाजारात आलेल्या या रिळासाठी मोनेल हा निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू वापरण्यात आला. खाऱ्या पाण्याने तो सहसा गंजत नाही. हे रीळ महाग होते, पण त्या काळातील सर्वोत्तम रिळांत त्याची गणना होई. आज जुन्या वस्तूंचे संग्राहक ते मोठ्या किमतीला घेतात. कॅलिफोर्नियातील आर्थर कोवालोव्हस्की या हंगेरियन वंशाच्या कारागिरानेही ग्रे यांच्यासाठी अवाढव्य रिळे घडविली.

विक्रम आणि कर्ज

ताहितीच्या वायराओ येथे ग्रे यांनी १९२८ पासून तळ उभारला होता. तेथील समुद्रात त्यांनी महिनोन्‌महिने रिकाम्या हाताने काढले. म्हणूनच १९३० च्या त्या हजार पौंडी मार्लिनचे महत्त्व त्यांच्या लेखी फार मोठे होते. पण शार्कनी लचके तोडलेला मासा आजच्या नियमांनुसार विक्रमासाठी बाद ठरतो. मासा जितका वेळ पाण्यात झुंजत राहील तितकी शार्कना संधी मिळते, म्हणून तो लवकर वर आणणे आवश्यक असते, हा धडा पुढच्या पिढीने घेतला. १९३५ मध्ये बहामातील बिमिनी येथे अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी शार्कना बळी पडू न देता मोठे ट्यूना वर आणून दाखविले. हेमिंग्वे यांच्या कादंबरीतील म्हाताऱ्या कोळ्याला मराठी वाचक पु. ल. देशपांडे यांच्या ‘एका कोळियाने’ या अनुवादातून ओळखतात. त्या कोळ्याकडे रीळ नव्हते. दोरी थेट त्याच्या तळहातातून जात होती. ब्रेकचे काम हाताच्या कातड्याला करावे लागले तर काय होते, हे त्या पुस्तकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

ग्रे यांच्या यशाची दुसरी बाजू घरी डॉलींना सांभाळावी लागत होती. ‘फिशरमन’नंतर ग्रे यांनी त्याहून मोठे आणि खर्चिक जहाज घेतले, परंतु त्यावरील सफर अपेक्षेआधीच आटोपती घ्यावी लागली आणि मोठा तोटा झाला. त्यातच अमेरिकेत महामंदी आली आणि मासिकांकडून मिळणारे मानधन आटले. ग्रे यांना अधूनमधून खोल नैराश्य येई. घरापासून दूर असताना इतर स्त्रियांशी असलेले त्यांचे संबंधही डॉलींना माहीत होते. तरीही हिशेब, करार आणि तीन मुलांचा संसार त्यांनी निगुतीने चालविला. माशाला किती दोरी सोडावी, हे ग्रे यांना नेमके ठाऊक होते. खर्चाला आवर घालण्याचे काम मात्र सदैव डॉलींच्याच वाट्याला आले.

१९३६ मध्ये ग्रे ऑस्ट्रेलियात गेले. बर्मागुई येथे त्यांनी मार्लिन पकडले, सिडनीबाहेरच्या समुद्रात १०३६ पौंडांचा टायगर शार्क पकडला आणि ‘व्हाइट डेथ’ या चित्रपटात स्वतःचीच भूमिका केली. १९३७ मध्ये ओरेगॉनमधील अंप्क्वा नदीवर मासेमारी करीत असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यातून ते काहीसे सावरले, परंतु २३ ऑक्टोबर १९३९ रोजी कॅलिफोर्नियातील आल्टाडेना येथील घरी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

रीळ विजेवर गेले तेव्हा

ग्रे यांच्या निधनाच्या चारच महिने आधी, जून १९३९ मध्ये, ‘इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. मोठ्या माशांच्या जागतिक विक्रमांची नोंद आज हीच संस्था ठेवते. वीज, मोटार किंवा अन्य कोणत्याही यंत्रशक्तीवर चालणारे रीळ वापरून पकडलेला मासा या संस्थेच्या नियमांत बसत नाही. ब्रेक कितीही सुधारा, धातू कितीही चांगला घ्या, पण हँडल माणसानेच फिरविले पाहिजे, ही कॅटालिनातील जुनी मर्यादा अशा रीतीने आजही टिकून आहे. ग्रे यांनी रिळात अनेक सुधारणा घडवून आणल्या, मात्र ही रेषा त्यांनीही कधी ओलांडली नाही.

तरीही विजेच्या रिळाला स्वतःचे स्थान आहे. तीनशे ते सहाशे मीटर खोलीवर राहणाऱ्या माशांसाठी एक ते तीन किलो वजनाचे शिसे तळाशी सोडावे लागते. आमिष तपासण्यासाठी एवढी दोरी दिवसातून दहा-पंधरा वेळा हाताने गुंडाळणे कोणालाही जिकिरीचे आहे. वय झालेले किंवा शारीरिक अडचण असलेले शौकीनही या रिळामुळे समुद्रावर जाऊ शकतात. जपानी कंपन्यांनी या रिळांत मोठी मजल मारली असून, किती मीटर दोरी बाहेर आहे हे पडद्यावर दिसणे आणि आमिष बोटीजवळ येताच मोटार आपोआप थांबणे, या सोयी आता नेहमीच्या झाल्या आहेत.

निवड करताना मात्र ग्रे यांच्या काळचेच प्रश्न पुन्हा विचारावे लागतात. जाहिरातीत रिकाम्या रिळाचा वेग ठळकपणे दिलेला असतो, पण भार असताना रीळ किती वजन, किती वेगाने ओढते हे पाहणे अधिक महत्त्वाचे. दोरीचा साठा मासेमारीच्या खोलीपेक्षा बराच जास्त हवा, कारण प्रवाहामुळे दोरी तिरकी जाते आणि मासा पळाला तर आणखी लागते. आजची विणलेली पॉलिथिलीनची दोरी बारीक आणि मजबूत असल्याने लहान फिरकीवरही पुष्कळ मावते. ब्रेक गुळगुळीत सुटतो की झटके देतो, हे दुकानातच हाताने ओढून पाहावे. बहुतेक रिळे बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. जोर लावताना मोटार जेवढी वीज मागते तेवढी ती बॅटरी आणि तिच्या तारा देऊ शकतात का, हे न पाहिल्यास चांगले रीळही भर समुद्रात मान टाकते. म्हणूनच मोटार बंद पडल्यास हाताने फिरविता येईल असे भक्कम हँडल असलेले रीळ घेणे शहाणपणाचे. मिठापासून बचाव करणारी बंदिस्त बांधणी आणि गावाजवळ दुरुस्तीची सोय, या दोन गोष्टीही किमतीइतक्याच तोलून पाहाव्यात.

याखेरीज आणखी एक प्रश्न ग्रे यांच्या पिढीपेक्षा आज अधिक टोकदार झाला आहे. खूप खोलवरून झपाट्याने वर आणलेल्या अनेक माशांच्या पोटातील हवेची पिशवी दाब कमी झाल्याने फुगते. असा मासा पुन्हा पाण्यात सोडला तरी बहुधा जगत नाही. हाताने रीळ फिरविताना माणसाचा थकवाच शिकारीला मर्यादा घालीत असे. मोटार थकत नाही, त्यामुळे किती मासे काढायचे हे माणसालाच आधी ठरवावे लागते. स्वतः ग्रे यांनी शेकडो मोठे मासे मारले, ते टांगून छायाचित्रे काढली. दुसरीकडे, जाळ्यांनी होणारी बेसुमार मासेमारी कॅटालिनाचा समुद्र रिकामा करीत असल्याचा इशारा त्यांनी १९१९ च्या ‘टेल्स ऑफ फिशेस’ या पुस्तकात दिला होता. हा विरोधाभास त्यांच्या आयुष्याबरोबर संपलेला नाही.

ग्रे आणि डॉली यांच्या अस्थी लॅकावॅक्सन येथील दफनभूमीत आहेत. तेथील त्यांच्या जुन्या घरात अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचे संग्रहालय आहे. समोरून डेलावेअर नदी वाहते. तरुण दंतवैद्य झेन ग्रे यांनी आपल्या पहिल्या लेखात जिच्यावरील मासेमारीचे वर्णन केले होते, तीच ही नदी.